टॅम्सिनसाठी आमेन

सोमवार, ३ मार्च
निवृत्त होऊन घरी भिंतींशी भांडण्यापेक्षा पोरांशी भांडलेलं बरं, म्हणून आजपासून सेंट ऑस्विन शाळेच्या ग्रंथालयात रुजू झाले. इंग्लंडच्या चर्चची शाळा, तीही फुकट. टाय ढिले, सदरे बाहेर. आमच्या कॅथलिक कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथांनी निम्म्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. पोरं मात्र गोड आहेत. सातवीतली टॅम्सिन आर्कराइट पुस्तकांचे कोपरे दुमडते. झापलं तर म्हणाली, "मिस, मी परत येणार आहे हे पुस्तकाला कळायला नको?" हसू दाबताना पुरेवाट झाली.

शुक्रवार, ७ मार्च
टॅम्सिनचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सकाळच्या प्रार्थनेत नावं वाचायचं काम शाळेच्या पाळकबाई प्रू एन्टविसल यांनी माझ्या गळ्यात मारलं. कार्डावर दोन याद्या: वर आजारी, खाली दिवंगत. आमच्याकडे दिवंगत आधी. साठ वर्षांची सवय! वरच्या यादीलाच मृतांसाठीचं 'प्रभू, सार्वकालिक विसावा दे' म्हणून बसले. त्या यादीत एकच नाव होतं, टॅम्सिनचं. चारशे तोंडांनी आमेन म्हटलं. मी तिथल्या तिथे चूक कबूल केली. प्रूबाई हसल्या. म्हणाल्या, देवाला कळतं हो.

सोमवार, १७ मार्च
टॅम्सिन परत आली. हजेरीत तिचं नाव नाही. तिच्या बाकावर मैत्रिणीने फुलं ठेवलेली. टॅम्सिन तिच्या कानाशी ओरडत होती, अगं, मी आलेय! मैत्रीण रडतच राहिली. जेवणघरातल्या बाईंनी तिच्या ताटात काही वाढलं नाही, मागच्या मुलाला वाढलं. मला विचारते, मिस, मी काय केलं? तिने! केलं ते मी.

बुधवार, १९ मार्च
मुख्याध्यापकांना फैलावर घेतलं. टॅम्सिन माझ्या शेजारी उभी होती. ते म्हणतात, मिसेस हॉलरॉइड, सगळ्यांनाच धक्का बसलाय, चहा घ्या. चहा!
तिची आई फाटकाशी आली, काळ्या कोटात. लेक बाहीला लोंबकळली. आईने बाही सारखी केली, वाऱ्याने उडाल्यासारखी.

शुक्रवार, २१ मार्च
आज न विचारता उठले. आजाऱ्यांसाठी: टॅम्सिन आर्कराइट, तिला बरं कर. मोठ्याने. तीनदा. एकानेही आमेन म्हटलं नाही. चारशे पोरं माझी कीव करत— प्रूबाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं.
टॅम्सिन एकटीच म्हणाली, आमेन.

सोमवार, २४ मार्च
सभागृहात तिची शोकप्रार्थना. पहिल्या रांगेत ती आणि मी. वही मांडीवर. ती कुजबुजते, मिस, तुम्ही आहात ना? आहे गं. त्यापलीकडे मला काही करता येत नाही.
सगळे उभे राहिले. प्रूबाई तेच शब्द म्हणताहेत, माझेच, सार्वकालिक विसावा दे—
आमेन म्हटलं. सगळ्यांनी.
तिचा हात अजून माझ्या हातात आहे. खुर्चीवर मात्र कुणी नाही.