बिनफोटोचे अकरा अर्ज

लाखनी
ता. ९ डिसेंबर २०२४

प्रिय रत्नमालाताई,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे. तुमच्या करडी गावात धान मळून झाले असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोन असताना पत्र कशाला, असे वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला विषय बदलायला फावते, म्हणून पत्र.

वधू-वर मेळाव्याची वेबसाइट मी केली, हे अख्ख्या भंडाऱ्याला मीच सांगितले आहे. जुनी साइट पन्नास माणसे आली की अडायची. एकाचा अर्ज लिहून होईपर्यंत बाकीचे उभे. म्हणून या वयात रिअॅक्टिव्ह प्रोग्रामिंग शिकायला बसलो. त्यात एकाचा अर्ज जतन व्हायला धाडायचा आणि तोवर दुसऱ्याचा घ्यायचा. कोणी कोणासाठी खोळंबत नाही. तुझी भावजय रिता म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढवून राहिले, दुसरं काय?"

त्यात एक नियम आहे. काम नुसते लिहून ठेवून होत नाही. त्याचा निकाल मागणारा कोणीतरी पुढे जोडावा लागतो. नाही जोडला तर काम सुरूच होत नाही, आणि तक्रारही करत नाही. फोटो नसलेल्या अर्जांना मी तो जोडायला विसरलो. स्क्रीनवर 'नोंदणी झाली' आले, यादीत काहीच गेले नाही. असे अकरा अर्ज.

दहा जणांच्या बापांनी मेळाव्याच्या दिवशी टेबलावर भांडून नावे लिहून घेतली. अकरावी आपली भावना.

मांडवात तू तिला म्हणालीस, "तुले लग्नच नाही करायचं, म्हणून फॉर्म नाही भरला."
"भरला वं आई. झाली म्हणून आलं होतं."
मग तू माझ्याकडे वळलीस. "केवळ, मशीन चुकते का गा?"
मी म्हणालो, "मशीन नाही चुकत, ताई."

तेव्हा मला ठाऊक नव्हते, असे लिहिणार होतो. ठाऊक होते. बिनफोटोचे एकही नाव यादीत नाही, हे सकाळीच दिसले होते. दुपारी माझा सत्कार होता.

भावना नागपूरला निघून गेली. पाच आठवडे तुमचे बोलणे नाही. चूक मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. एका ओळीचे काम होते.

चूक माझी होती, असे मेळाव्याच्या समितीला लिहून दिले आहे. शनिवारी भावनाकडे जातो. शिव्या देईल, ऐकेन. पण त्याआधी तू तिला फोन कर. मला काय म्हणायचे ते नंतर म्हण.

त्या मांडवात खोटे एकच जण बोलला.

तो तुझा भाऊ,
केवळराम