यानागावातली हसरी मालकीण

अहो,

मी आणि ताई यानागावाला सुखरूप पोचलो. रक्तदाबाची गोळी घेताय ना?

आज दुपारी इथल्या नावाजलेल्या खानावळीत वाम खायला गेलो. भाजल्याचा वास गल्लीभर आणि रांगही गल्लीभर. आपलं आडनाव ऐकताच मालकीण फुसाए म्हणाली, "मुरोझोनो? म्हणजे गेन्झोसानच्या घरच्या? कामासाठी आले की ते इथेच जेवतात, वाम-भाताचे दोन डबे संपवतात!"

घरी तर तुम्हाला वाम माशाचा वासही सोसत नाही. म्हणून लग्नापासून मी तो कधी शिजवला नाही.

बाई पन्नाशीची आहे, पण हसते छान. ताई म्हणाली, "जळतेस काय, जेव गुपचूप!" जेवले. चव उत्तम आहे, खोटं कशाला बोलू?

पुढच्या खेपेला मीही येणार. ती वाढायला आली की तुमचा चेहरा मला बघायचाय.

अजून तरी तुमचीच,
चियोनो