दोनशे टाक्यांची मशीन

मोताळा,
३ एप्रिल २०२५

चि. प्रसेनजित यास,
बेबीताईचे अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

फोनवर तू सोपं आहे म्हणतोस, मी हो हो म्हणते, आणि फोन ठेवला की होते तिथंच. म्हणून लिहितेय. तू पाठवलेल्या शिलाई मशिनीत दोनशे प्रकारचे टाके आहेत, तसं खोक्यावरच छापलंय. मला एक पाहिजे, सरळ. तो काल सापडला होता, आज नाही. पुन्हा हरवेल म्हणून मशीन बंदच करत नव्हते, तरी हरवला.

तू सांगितलंस म्हणून टाक्यांचा तक्ता माझ्या शिलाईच्या दुकानात लावला. बाया बोट फिरवतात, ठरवून येतो म्हणतात आणि कापड परत नेतात. केसरकाकू म्हणे, बेबे, इतकं पाह्यलं का मले काय पायजे होतं तेच आठवत नाही.

आता खरं दुःख. आमच्या मयुरीच्या लग्नाचं पांढरं ब्लाउज मीच शिवायचं, हे ती शाळेत होती तेव्हापासूनचं ठरलेलं. काल पाठीची शिवण पक्की करायला बटण दाबलं, तर मशिनीनं बदकं काढली. ओळीनं! उसवावीत तर कापडाला भोकं राहतील. लग्न वीस तारखेला आणि पोरीला अजून सांगितलेलं नाही. रडू येतं रे. पायमशीन तू माझ्या गुडघ्यापायी बदललीस, माया कळते. पण करू काय?

लोभ आहेच, तो या बटणांत हरवू नये.
तुझी, बेबीताई

पुणे,
८ एप्रिल २०२५

ती. बेबीताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

बदकांना आधी हसलो, माफ कर. मग हसू विरलं. दुकानात दहा टाक्यांचीही मशीन होती. मला वाटलं, ताईला कमी का द्यावं? तुला विचारायचं सुचलंच नाही.

आमच्या कंपनीतही हेच चालतं. वॉशिंग मशीनवर कोणती बटणं द्यायची ते मी ठरवतो. परवाच पडद्यांसाठी एक वाढवलं. माझे स्वतःचे कपडे मात्र रोज एकाच बटणावर धुतो. तुझं पत्र वाचून साहेबांना म्हणालो, निम्मी काढू. ते म्हणाले, मग खोक्यावर काय छापायचं?

तुझ्या मशिनीचं पुस्तक इथं नेटवर उघडलं. इंजिनिअर असून डोकं गरगरलं. ब्लाउज इथूनच विकत आणू का?

मयुरीला मामाचे आशीर्वाद. रागावलीस तरी माया कमी करू नको.
तुझा, प्रसेनजित

मोताळा,
१४ एप्रिल २०२५

चि. प्रसेनजित यास,
अनेक आशीर्वाद व जयंतीच्या शुभेच्छा. वि. वि.

विकतचं ब्लाउज आणलंस तर उंबऱ्याबाहेर ठेव. परवा लाईट गेली. आली तेव्हा पाहते तर मशीन आपोआप सरळ टाक्यावर! बंद करून चालू केली की ती मूळ टाक्यावर येते म्हणे. आणि मी वेडी तिला बंद करायलाच भीत होते.

मग आधी मशिनीसाठीच खोळ शिवली. सगळी बटणं झाकली, लागतात त्या दोन बटणांपुरती भोकं ठेवली. तक्ता उतरवला. केसरकाकूंचं कापड परत आलं.

बदकं मयुरीला दाखवावीच लागली. तिनं एकेकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, राहू दे आई, पदराखाली जातील, मामाले फोटोत दाखवू. मी तिला जवळ घेऊन रडले.

आणि एक सांगायचं राहिलं. गुडघा दुखायचा थांबलाय. काल संध्याकाळी पाटावरून हात न टेकता उठले. हे तुझ्या खोक्यावर कुठंच नव्हतं. साहेबांना सांग, तेवढंच छापा.

आठवण आहेच, आता तूच ये.
तुझी, बेबीताई