शेळ्यांचा पंक्तिप्रपंच

तीर्थरूप आईस,
लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांची साखर पथ्य पाळूनही उतरत नाही, हे वाचून काळजी वाटली. डॉक्टर काय म्हणाले?

पीएच.डी.चे वर्ग संपले, लेखी परीक्षाही पार पडली. आता उरलाय शेळ्यांवरचा प्रयोग. अर्ध्या शेळ्यांना आमचा नवा खुराक, अर्ध्यांना नेहमीचा साधा. पण आई, वजन वाढलं ते साध्या खुराकवाल्यांचं! कुणीतरी त्यांना चोरून चारलंय. समितीला कळलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

आधी माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंवर संशय आला, त्या जळतात माझ्यावर. मग रखवालदारावर पाळत ठेवली. सरांचाही भरवसा वाटेना. मी रखडले तर त्यांना फुकटची मदतनीस मिळते ना!

काल गारठा होता, म्हणून तू इथे राहायला आली होतीस तेव्हा विसरून गेलेला स्वेटर चढवला आणि गोठ्यात गेले. साध्या खुराकाच्या सगळ्या शेळ्या धावत आल्या आणि थेट खिशात तोंडं खुपसायला लागल्या. नव्या खुराकवाल्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

इथे असताना गोठा बघून तू म्हणाली होतीस, "मुक्या जिवांत कसला गं हा पंक्तिप्रपंच?" मी हसण्यावारी नेलं.

मी रागावलेली नाही. म्हणजे फार नाही. काय चारलंस आणि किती, तेवढं खरं खरं कळव.

आणि बाबांची साखर का उतरत नाही, ते डॉक्टरांना विचारू नकोस. मला कळलंय.

तुझीच,
संशयी लेक