तांबड्या रंगात उगवलेली गावं

आदिलाबाद,
१२ नोव्हेंबर १९९७

तीर्थस्वरूप चंपतराव भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबरेने प्रत्यक्ष वाकायला नकार दिला आहे, तेव्हा टपालाने वाकतो.) ताईचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या बेला गावाकडे कापसाची वेचणी सुरू झाली असेल आणि तुमचा आवाज चार शेतांपलीकडे ऐकू जात असेल, म्हणजे प्रकृती उत्तम आहे असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं नवराबायको आणि तुमची लेक वनमाला खुशाल आहोत.

तुमचं कार्ड पोचलं. 'पोरगी दिवाळीलेबी घरी आली नाई. या महिन्यात तिले आणून सोडा, कम्प्युटर लय झालं. नकाशे रंगवून काय करते? रंगच द्याचा असन तं घराच्या भिंती हायेत.' मी वाचून हसलो, ती हसली नाही. कार्ड घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि कामाला निघून गेली. म्हणून ती भगवानरावांच्या छापखान्यात नेमकं काय करते ते तुम्हाला एकदा सविस्तर लिहायला बसलो आहे. मी तिथे संध्याकाळी मुद्रितं तपासायला जातो, तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

छापखान्याने शाळांसाठी जिल्ह्याच्या रंगीत नकाशाचं काम घेतलं. पण त्यांचं मशीन एका वेळी एकच रंग छापतं. आधी निळ्या नद्या, त्या वाळल्या की त्याच कागदावर हिरवं जंगल, मग पिवळी ज्वारी, शेवटी तांबडी गावं नि सडका. तेव्हा छापण्याआधी नकाशातला प्रत्येक रंग सुटा करून त्याची वेगळी फिल्म काढावी लागते. आधी हे काम निर्मल गावच्या एका चित्रकाराला दिलं होतं. त्याने हाताने अप्रतिम केलं. फक्त गोदावरीला जरा अधिक डौलदार वळण दिलं आणि जंगलाच्या थरात दोन हरणं घातली. (हरणं फार गोड होती. मास्तर लोकांना ती नको होती.)

मग वनमाला आली. झेरॉक्ससारखी एक पेटी असते, स्कॅनर म्हणतात. तिच्या काचेवर नकाशा पालथा घालायचा, पण काच लहान म्हणून तुकड्यातुकड्याने. आत गेला की त्याचे बारीक रंगीत ठिपके होतात. नकाशासोबत पिकांचा तक्ता असतो, तो तर नुसता चौकोनांचा, चौकोनात आकडा, अमुक आकडा म्हणजे कापूस, तमुक म्हणजे ज्वारी. ती हुकूम सोडते आणि जिल्ह्यातली तेवढी ज्वारी उठून पडद्यावर एकटी उभी राहते. कापूस नाही, नदी नाही, कोणी शेजारी नाही. आमची ही तांदळातले खडे वेचते त्यापेक्षा लवकर, आणि न कुरकुरता. मी म्हटलं, आपल्या आदिलाबादची बोली घाल यात आणि मराठी, तेलुगू, उर्दू असे तीन थर काढ. तर म्हणते, 'मंग मामा, बाजारात वांगे कोन्या थरातून घ्यान?' (तिखट तोंड आमच्या घराण्याचं. ताई गप्प असते म्हणून तुम्हाला कल्पना नसेल.) पहिल्या फिल्मा निघाल्या तेव्हा भगवानराव रडकुंडीला आले. 'रंग चार सांगतले व्हते, चारी काळेच काऊन?' तिने मान वर न करता सांगितलं, 'काका, रंग शाईत असते, फिलमीत नाई. फिलम फक्त जागा दाखवते.' भगवानरावांनी तेव्हापासून तिच्या खोलीबाहेर चपला काढायला सुरुवात केली आहे.

आता खंडेनवमीकडे येतो. भगवानरावांनी तुम्हाला मानाने बोलावून यंत्रांची पूजा तुमच्या हातून करवली. तुम्ही छपाईच्या मशीनला हळदकुंकू लावलंत, कागद कापायच्या पात्याला लावलंत, कम्प्युटरला लावलंत, आणि भगवानराव पानं मांडायला गेले असताना स्कॅनरचं झाकण उघडून थेट आतल्या काचेला लावलंत. तुमचं म्हणणं, 'दार लावून देवाची पूजा करत असते का कोनी?' बिनतोड होतं. काच नंतर कोणीतरी धोतराच्या सोग्याने वरवर पुसली (धोतर तुमचंच होतं) आणि सगळे जेवायला गेले.

पुढच्या आठवड्यात नकाशाचे तुकडे त्या काचेवरून गेले. तांबडा रंग सुटा झाला आणि त्यात नवी गावं उगवली. भगवानराव हरखले, सरकारला न सापडलेली गावं आपल्या कम्प्युटरला सापडली म्हणून. भूगोल तपासायला ठेवलेले केशवराव मास्तर एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, 'हे तं ठाऊक हाय मले. आमचा साडू राह्यते तिथं.' मलाही तिथे बस बदलल्यासारखं आठवायला लागलं. (चार मोठ्या माणसांत एकट्याने अडाणी दिसणं बरं नव्हे.)

सगळ्या रंगांच्या गर्दीत ती गावं बिनबोभाट खपली असती. पण तांबडा थर एकटा समोर आला आणि वनमालाला दिसलं की ती सारख्या अंतरावर, सरळ रांगेत उभी आहेत. 'मामा, गावं अशी बसत नाईत. हे तं प्रार्थनेले उभे हायेत.' तिने एक गाव मोठं केलं. आत गोल गोल गल्ल्या, एकीच्या पोटात दुसरी. शेजारी भर जंगलात पिवळी ज्वारी. ती उठली, पेटीचं झाकण उघडलं, प्रत्येक तुकडा ज्या एकाच काचेवर पडला तिच्याकडे तिरपं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, 'हे बाबाचं बोट व्हय.'

भगवानराव भयंकर तापले. हे कोणी केलं, नाव सांगा, नाही तर कम्प्युटरची खोली आजच बंद. मी तोंड उघडणार तोच तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी जांभईला वापरलं. 'काच मी पुसाले पायजे होती, काका. चूक माही.' एवढंच बोलली. मग काच धुतली, एकूण एक तुकडा पुन्हा घेतला, सगळे रंग पुन्हा सुटे केले. त्यात दिवाळी गेली, भाऊजी. घरी न येण्याचं कारण हे. नकाशा काल छापून झाला, नद्या नद्यांच्या जागी, गावं गावांच्या जागी. मी दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल शाईने गोल काढून पोट भरणारा माणूस. चूक कोणाची ते ओळखून ती आपल्या अंगावर घेणारं माणूस आपल्या दोन्ही घराण्यांत मी पहिल्यांदा पाहिलं.

ताईला नमस्कार सांगावा. तुमच्याकडचं पाणी आटायच्या आत एकदा येऊन जाईन.

आपला,
व्यंकटेश

ता. क. मुख्य गोष्ट राहूनच गेली. भगवानराव वनमालाला पुढचं शिकायला दोन महिने हैदराबादला पाठवतात. परत आली की कम्प्युटरची खोली तिच्या हवाली. राहायची सोय आमच्या हिच्या कुसुममावशीकडे. (दिवे लागल्यावर त्या मुंगीलाही उंबरा ओलांडू देत नाहीत.) तेव्हा तिला बेल्याला आणून सोडण्याऐवजी आपण होकार कळवावा, ही हात जोडून विनंती.

आणखी ता. क. ती आज सकाळीच हैदराबादला गेली. बाबा हो म्हटल्याशिवाय बसमध्ये चढत नाही म्हणून स्टँडवर अडून राहिली, तेव्हा 'बाबांचं दुसरं कार्ड आलं, त्यात होकार आहे' असं मी ठोकून दिलं. 'बाबा खरंच हो म्हनले?' असं तिने दोनदा विचारलं, आणि पदराने डोळे पुसत चढली. येताच ती ते कार्ड मागणार. तेवढं लगेच लिहून पाठवावं, तारीख मात्र गेल्या आठवड्याची घालावी.