डावा कार्बोरेटर

अण्णा, तुमची दोन सिलिंडरची मोटरसायकल परवा पुन्हा सुरू झाली. तुम्ही गेल्यापासून सहा वर्षं ती मुकुंदवाडीला चाचांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. चाचा तुमचे जन्माचे भागीदार, तरी संशय घेणं आपल्या घराण्यातच आहे. मी गाडी घरी आणली, दोन्ही कार्बोरेटर उघडून चिकटलेलं पेट्रोल खरवडलं आणि तुमच्यासारखाच नळीचा तुकडा घेऊन बसलो. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. दोन्हीकडे हवेचा आवाज सारखा आला की जुळलं. माझं काही जुळेना. डावा कायम मंद. हवा वाढवायला त्याचा स्क्रू पिळत गेलो तशी गाडी जास्तच थडथडायला लागली.

मग डोक्यात आलं, चाचांनी चांगला कार्बोरेटर काढून विकला आणि भंगार बसवलं. तडक गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं. चाचा हात पुसत म्हणाले, "बेटा, तेरे अण्णा की गाडी का सामान मैं बेचूंगा क्या?" आणि पुन्हा गिऱ्हाइकाच्या गाडीकडे वळले. तेही मला चोराचं तोंड चुकवणं वाटलं.

पुराव्यासाठी डावा पुन्हा काढला. इंजिनाला टेकणाऱ्या बाजूची काजळी पुसली, तर खाली तुम्ही खिळ्यानं ओढलेली फुली. हात लावलेल्या प्रत्येक भागावर तुम्ही ती ओढायचात, कारण तुमचाही भागीदारावर भरवसा नव्हता. म्हणजे चोरी झालीच नव्हती. मग तुमचाच संशय आला, की हातचं राखून शिकवलंत. एक दिवस आठवला: मी कॉलेजात आहे, डाव्या कार्बोरेटरला डावा कान, उजव्याला उजवा लावतोय, आणि तुम्ही नळी हिसकावून घेता. "दोन कान कशाला लावतूस? एकच लाव!" का, विचारलं तर, "सांगितलं तेवढं कर."

उजवाच कान दोन्हीकडे लावून पाहिला. डावा नुसता घोंघावत होता. स्क्रू सैल केला, दोन्ही आवाज एक झाले आणि गाडी शांत चालायला लागली. गेलाय तो माझा डावा कान. आणि अण्णा, आई डावीकडून हाक मारायची तेव्हा तुम्ही वळायचा नाहीत. माज आहे नुसता, असं ती म्हणायची. मीही तेच धरून बसलो, तुम्हाला अग्नी देतानाही. फार वाईट वाटलं.

काल चाचांची माफी मागितली. ते हसले, "तेरे अण्णा भी मेरे पे ऐसाच शक करते थे." काय बिघडलं होतं, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, स्क्रू. हा कागद कुठं जाणार नाही म्हणून लिहितो: कानाचं बायकोलाही सांगितलेलं नाही. ती डावीकडून काही बोलतेय असं वाटलं, की मी पेपरात तोंड घालतो.