चोरखिसा

प्रिय सूनबाई,

'प्रिय' लिहिलंय, त्यावरून राग गेला असं समजू नकोस. तुझ्यावरचा राग वेगळा आणि त्या लोकांवरचा वेगळा. दोन्ही मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेत, एकमेकांत मिसळू देत नाही. हे पत्र वकिलीणबाई आणून देतील, तू वाचेपर्यंत समोर बसतील आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत तू ते फाडायचंस. तुला आणि ठमीला कुठे ठेवलंय ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी विचारलं नाही, हे वाचून तुला हसू येईल. येऊ दे. ठमीचा शाळेचा कोट मशीनवर अर्धा पडलाय, बाह्या लावायच्या राहिल्यात. पोरीची जात, नुसती झरझर वाढते. नवीन माप पाठव, दोरीने घेतलंस तरी चालेल.

दुकान मी एक दिवसही बंद ठेवलेलं नाही. कुणाच्या बापाचं खाल्लंय म्हणून बंद ठेवू? पहिल्या आठवड्यात कॅमेरेवाले मापं घ्यायच्या पडद्यामागे शिरले. आत औषधवाल्याची बायको अर्ध्या कपड्यांत उभी. मी मोठी कात्री उचलली, तो फोटो तू पाहिलाच असशील. आता गिऱ्हाईक येतं ते शिवायला नाही, बघायला. एक बटण लावून घ्यायचं निमित्त करायचं आणि तासभर बसायचं. अशांच्या हातात मी सुईदोरा देते आणि म्हणते, लाव तुझं तू. तुझा नवरा दवाखान्यात जातो, लोकांचे दात काढतो, घरी येऊन जेवतो, पण माझ्याशी धड बोलत नाही. त्याला म्हणे तुझ्या खऱ्या नोकरीचं लग्नाआधीपासून माहीत होतं. पोटचा पोरगा, लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे त्याचे, आणि एवढी मोठी गोष्ट रोज माझ्यासमोर बसून गिळत होता. त्याला नंतर बघते.

आधी ते लोक. मला राजकारण कळत नाही असं तुम्ही दोघं समजत आलात, पण गेले काही दिवस मी सगळी वर्तमानपत्रं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतेय. शेजारच्या देशातल्या त्या गोदामांत विष नाही, साधं खत आहे, असं तू लिहून दिलंस. मंत्र्याला विष हवं होतं. सैन्य पाठवायचं त्याचं ठरलेलं, भाषणंसुद्धा तयार. मग तुझा अहवाल कुणीतरी छापला, मंत्र्याचं हसं झालं, आणि त्याच्या कचेरीतल्या दोघांनी एका पत्रकाराला जेवायला बोलावून तोंड पुसता पुसता सांगितलं, की हे लिहिणारी बाई अमुक, ती पंपांच्या कंपनीत आहे असं दाखवते, पण आहे आपल्याच हेरखात्यातली. बस. एवढ्यावर तुझी सगळी वर्षं संपली. शत्रूने नाही फोडलं. ज्यांनी शपथ घेऊन ते नाव सांभाळायचं, त्यांनी फोडलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. आणि विरोधक तरी काय, धुतल्या तांदळाचे? एकाने नाव फोडलं, दुसऱ्याने ते पोस्टरवर छापलं. आपल्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर तुझं एवढं मोठं तोंड लावलंय, खाली लिहिलंय 'न्याय द्या'. पोस्टर फाडायला गेले तर त्यांचाच एक कार्यकर्ता म्हणाला, काकू, आम्ही तुमच्याच बाजूचे. मी म्हटलं, बाजूचे असाल तर बाजूला व्हा.

आणि तिकडे, ज्या शहरात तू पंप विकत हिंडायचीस, तिथे लोक उचलले. पंपांच्या कंपनीचं नाव छापल्यावर तिथल्या पोलिसांना आणखी काय लागतं? जो जो त्या कंपनीच्या बाईशी बोलला, तो तो आत. गोदामाचा कारकून, एक टॅक्सीवाला, एक म्हातारा शिंपी आणि त्याचे दोन मुलगे. बातमी आतल्या पानावर होती, बोटभर. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्या शिंप्याचं मी पुढे लिहिते.

आता सरकारने नवीन टूम काढलीय. चौकशी समिती बसली, त्या दोघांची खुर्ची हलायला लागली, तसे म्हणायला लागले, की यात गुपित होतंच कुठे? ती हेर आहे हे तिच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जे सगळ्यांना ठाऊक ते आम्ही फोडलं कसं? उलट तीच घरीदारी बडबडली, खटला भरायचा तर तिच्यावर भरा. चोराच्या उलट्या बोंबा. आणि याला पुरावा काय, तर मी. माझं बोलणं छापून आलेलं ते कात्रण तू पाहिलंयस. तुझा नवरा त्यामुळेच बोलत नाही. बातमी फुटली त्या दिवशी सगळी गल्ली दुकानात जमली आणि औषधवाल्याची बायको म्हणाली, अगं बाई, तुम्हालाही नव्हतं माहीत? कसं सांगू तुला, अंगाचा तिळपापड झाला. या गल्लीत कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याआधी मला कळतं, कमरेच्या मापावरून. कोण माहेरी निघाली, कोण नोकरी सोडणार, कुणाचं कुणाशी जमलंय, सगळं त्या पडद्यामागे मोजपट्टीबरोबर उलगडतं. आणि मला नव्हतं माहीत? मी म्हटलं, मला तर पहिल्यापासून माहीत होतं. मागे एक पोरगी वही घेऊन उभी होती, तिने छापलं. मूर्खपणा झाला, त्याची जी शिव्यांची लाखोली वाहायची ती मी स्वतःलाच वाहिलीय. तू पुन्हा वाहू नकोस.

ते वाचून मंत्र्याचा एक माणूस दुकानात आला. मी त्याला गुळगुळीत म्हणते, कारण चेहऱ्यावर केस नाही की सुरकुती नाही, आणि बोलणंही तसंच. आल्या आल्या माझ्या शिवणकामाची तारीफ. मग म्हणाला, तुमच्यासारख्या चाणाक्ष बाईच्या नजरेतून काय सुटणार? वर्तमानपत्रात जे बोललात तेच या कागदावर आहे, खाली सही करा, म्हणजे तुम्हाला समितीपुढे यायचा त्रास नको. खरं सांगते, सूनबाई, त्या क्षणी कुणीतरी आपल्याला चाणाक्ष म्हणतंय याचं मला बरं वाटलं. मी कागद वाचला. 'सून गुप्तहेर खात्यात असल्याचे मला व शेजाऱ्यांना अनेक वर्षे ठाऊक होते.' एका सहीत मी गल्लीत शहाणी ठरणार होते, ते दोघं सुटणार होते आणि तू तुरुंगात जाणार होतीस. मी म्हटलं, चष्मा घरी राहिलाय. चष्मा माझ्या नाकावर होता.

खरं काय होतं ते तुला माहीतच आहे, आपली भांडणं काही दार लावून झाली नाहीत. मला वाटायचं तुझं बाहेर लफडं आहे. का नाही वाटणार? पंप विकणाऱ्या बाईला कोटाची लेबलं उसवून का लागतात? एकच कोट बाहेरून राखाडी आणि उलटा घातला की निळा, असा का लागतो? मी तो शिवून दिला आणि माझ्या नणंदेला सांगितलं, त्या माणसाच्या बायकोने लांबून ओळखू नये म्हणून ही थेरं. मग तू अस्तराच्या आत चोरखिसा मागितलास, बाहेरून हात फिरवला तरी लागणार नाही असा. तो मी हाताने शिवला, मशीनचा टाका जाडा पडतो म्हणून. आणि औषधवाल्याच्या बायकोला सांगितलं, यात आता प्रेमपत्रं जाणार. तू परत यायचीस ती वाळलेली, दचकणारी, दाराकडे तोंड करून बसणारी. मी म्हणायचे, मन खातंय हिचं. हे गेले तेव्हा तू नव्हतीस. आठ दिवसांनी आलीस, बाही भाजलेली, आणि सासऱ्यांच्या फोटोसमोर नुसती उभी राहिलीस. मी सगळ्या नातेवाइकांदेखत तुला काय काय बोलले. तू एक शब्द उलट बोलली नाहीस. त्याचाच मला जास्त राग आला. अजून आहे. एकदा तरी उलट बोलायचंस ना. सगळं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हातून शिवलेलं, आणि मी त्याचा अर्थ लावला तो असा.

त्याच खेपेनंतर कधीतरी तू मला ते पितळी अंगुस्तान दिलंस. म्हणालीस, तिकडे एका म्हाताऱ्या शिंप्याने कोटाचे टाके पाहिले आणि विचारलं, हा हात कुणाचा? तू म्हणालीस, सासूचा. तर त्याने स्वतःच्या बोटातलं काढून दिलं, म्हणाला, असे टाके घालणारीच्या बोटाला सुई लागता कामा नये. मी तुला तोंडावर म्हटलं, थापा मारू नकोस, स्टेशनवर घेतलंस. पण घातलं बोटात तर बरोबर बसलं, आतून झिजून मऊ झालेलं. तेव्हापासून रोज घालतेय. ती बोटभर बातमी वाचली तेव्हाही बोटात तेच होतं. टाके दिसायला त्याने अस्तर उलटून बघितलं असणार. अस्तर उलटलं म्हणजे चोरखिसा त्याला माहीत होता. आता कळतं मला काय कशातून जात होतं. वकिलीणबाई म्हणतात, त्याच्याविरुद्ध अजून काही सापडलेलं नाही. कपडे शिवून घ्यायला आलेली बाई, एवढंच तो सांगतोय. ज्याला मी कधी पाहिलं नाही, त्या म्हाताऱ्याला, त्याच्या पोरांना, जेवणाच्या टेबलावर दात कोरत बसलेल्या या दोघांनी कोठडीत घातलं. आणि वर म्हणतात, गुपित होतंच कुठे. तळपायाची आग मस्तकाला जाते.

गुळगुळीत दुसऱ्यांदा आला तेव्हा मी काज करत होते. त्याची नजर माझ्या बोटावर गेली. म्हणाला, वा, जुनी वस्तू दिसते, आपल्याकडे असं घडवत नाहीत, सूनबाईंनी आणलं का? अगदी सहज विचारल्यासारखं. सूनबाई, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर आहे. मी मान वर न करता म्हटलं, माझ्या सासूबाईंचं आहे, त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं. आणि मग सासूबाईंची ती रामकहाणी लावली की बिचारा घड्याळ बघत उठला. कागदावर सही न घेताच गेला. काजाचा टाका चुकला नाही, कान लाल झाले नाहीत. तुझा नवरा माझ्यावर गेलाय, दुसरं काय.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. उद्या सकाळी मी समितीपुढे उभी राहणार आहे, आणि ते टीव्हीवर जसंच्या तसं दाखवणार आहेत. वकिलीणबाई म्हणाल्या, नुसतं 'मला माहीत नव्हतं' म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, एकदा माहीत होतं म्हणून बसलाय तुम्ही. तर मी जे खरंच समजत होते ते सगळं सांगणार आहे. तू नवऱ्याला फसवतेस असं मी म्हणायचे, तुला मी चवचाल म्हटलं, हे गेल्यावर घराबाहेर हो म्हटलं, सगळं शब्दाला शब्द. नणंद आणि औषधवाल्याची बायको साक्षीला येतायत, त्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकलंय. जिला सगळ्या गल्लीचं माहीत, तिला स्वतःच्या घरातलं काही कळलं नाही, हे मी साऱ्या देशासमोर सांगणार आणि लोक हसणार. हसू देत. तुझा तो कोट तेवढा बाहेर निघणार नाही, तो उसवून मी ठमीच्या कोटाला अस्तर केलंय. अंगुस्तान घालून जाणार आहे, विचारलं तर सासूबाईंचं. माझं हे बोलणं टीव्हीवर अचानक ऐकून तुझा जीव तुटू नये, म्हणून आधी तुला कळवतेय. ठमीला मात्र शेजारी बसव आणि सांग, आजी उद्या आईला जे जे वाईट बोलेल, ते आईला सोडवायला बोलेल. आणि तू परत आलीस की एकदा पडद्यामागे बसून मला सगळं पहिल्यापासून सांग. आता मी कुणाला सांगत नाही.

तुझीच,
खाष्ट सासू